चारचौघांत वागायला शिकायचं, तर चारचौघांत बसवा

मुलं ऐकत नाहीत, या विषयावर आमच्या इंदुरात सध्या दोन पक्ष पडले आहेत. रामबागेतल्या कट्ट्यावर बसा, लोकमान्य नगरातल्या एखाद्या मुंजीला जा किंवा शाळेच्या पालकसभेत मागच्या बाकावर बसून ऐका, वाद तोच. आजी-आजोबांचा पक्ष म्हणतो, शाळेतला धाक गेला आणि मुलं बिघडली. आमच्या वेळी मास्तरांनी एक ठेवून दिली की महिनाभर वर्ग शांत. तरुण आईवडिलांचा पक्ष म्हणतो, मारायचं कशाला? चांगलं वागलं की स्टार द्या, दहा स्टार झाले की पेन्सिल-बॉक्स द्या; आता तर शाळेचं अ‍ॅप रोज संध्याकाळी मुलाचे पॉइंट घरी कळवतं. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि आपण एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलतोय अशी दोघांचीही खात्री असते. मला तसं वाटत नाही. दोघंही मुळात एकच गोष्ट धरून चालतात, की सहा ते दहा वर्षांच्या मुलाचं वागणं म्हणजे एक मोठं माणूस आणि एक एकटं मूल यांच्यातला व्यवहार. एक फटका देतो, दुसरा स्टार. माझं म्हणणं असं, की या वयात मूल नीट वागायला शिकतं ते बरोबरीच्या तीन-चार मुलांसोबत खरंखुरं काम करताना, जिथे त्याच्यावाचून इतरांचं अडतं. म्हणून प्राथमिक शाळेत रोज काही वेळ लहान गटांत काम व्हायला हवं, आणि तेही शिस्तीचा मुख्य मार्ग म्हणून. अभ्यासक्रम संपवून वेळ उरला तर घ्यायचा उपक्रम म्हणून नव्हे.

आधी छडीचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शाळेत मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना मनाई केली. कायद्यापुरता विषय तिथे संपला. पण आजोबांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे आणि कलम दाखवून ती उडवून लावता येत नाही. त्यांच्या पिढीतली बरीच मुलं चारचौघांत खरोखर बरी वागायची. प्रश्न एवढाच, की ते श्रेय छडीचं होतं का? जेल रोड, छत्रीबाग, रामबाग इथल्या वाड्यांत एकेका चौकात दहा-पंधरा मुलं असत, लहानमोठी सगळी एकत्र. सितोलिया खेळताना (पुण्याकडे ज्याला लगोरी म्हणतात तो खेळ) कुणी लबाडी केली तर दुसऱ्या दिवशी त्याला कुणी खेळायला घेत नसे, आणि रडत घरी गेलं तरी आई म्हणायची, तुमचं तुम्ही मिटवा. सगळ्यांत धाकट्याला कच्चं लिंबू करून का होईना, पण खेळात ठेवायचं, हा नियम कुठल्या मास्तरांनी घालून दिला नव्हता. पंगतीत मीठ-लिंबू वाढायचं काम सात वर्षांच्या मुलाकडे असे आणि त्याने कुणाचं पान चुकवलं तर दहा जण सांगत. हे सगळं रोज, तासन् तास चालायचं. शाळेतली छडी त्याच्यावर येऊन पडायची आणि श्रेय घेऊन जायची. आज ते वाडे पडून तिथे फ्लॅट आले. मूल एकुलतं, सकाळी व्हॅनमधून शाळेत, दुपारी ट्यूशनला, संध्याकाळी मोबाइलवर. त्याला समवयस्कांसोबत जुळवून घ्यायची सवय कुठे लागणार? जी गोष्ट पूर्वी वाडा फुकट शिकवायचा ती आता शाळेला ठरवून, वेळापत्रकात जागा काढून शिकवावी लागेल. छडी परत आणून वाडा परत येणार नाही.

स्टारवाल्यांचं म्हणणं जास्त गंभीरपणे घ्यायला हवं, कारण त्यात माया आहे आणि ते काही काळ चालतंही. पण मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रत्येक पालकाला माहीत असायला हवा. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनने चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर तेच प्रमाणपत्र दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं हे पाहिलं, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर काढणारी मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचं तसं झालं नाही. म्हणजे दोष शाबासकीत नाही, बोलीत आहे. पाढे पाठ करण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला थोडी बोली लावली तर माझी हरकत नाही. पण मैत्रिणीचा सांडलेला डबा भरून द्यायला मदत करणाऱ्या मुलीला आपण दरवेळी स्टार देऊ लागलो, तर मिस वर्गाबाहेर असताना ती वाकेल का?

शिवाय स्टार आणि पॉइंटची ही पद्धत नवी आहे अशा समजात कुणी राहू नये. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहानांकडून धुळाक्षरं गिरवून घेत. दक्षिणेतही अशीच पद्धत होती. १७८९ पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर देखरेख करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी वाळूत अक्षरं गिरवणारी गावठी शाळेतली मुलं पाहिली, ती पद्धत आपल्या शाळेत आणली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी त्याच धर्तीवर, मोठ्या मुलांच्या मदतीने, शेकडो मुलांना एका मास्तराच्या हाताखाली बसवून दाखवलं. लँकेस्टर मारण्याच्या विरुद्ध होते. त्याऐवजी चांगल्या वागणुकीला बिल्ले आणि तिकिटं मिळत, तिकिटं साठली की बक्षीस; आणि वाईट वागणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवत किंवा त्याला टोपलीत बसवून छताला टांगत, सगळ्यांनी पाहावं म्हणून. दोनशे वर्षांपूर्वीचं ते तिकीट आणि आजच्या अ‍ॅपमधला पॉइंट यांत फरक तो काय? तिकिटामागून अपमान आला, कारण ज्याला तिकीट मिळत नाही त्याचं काय करायचं याचं उत्तर त्या व्यवस्थेकडे नव्हतं. आजही नाही. वर्गातल्या भिंतीवरच्या चार्टमध्ये ज्या नावापुढे महिनाभर एकही स्टार नाही ते मूल रोज ती भिंत पाहत बसतं. आणि पंतोजींच्या शाळेतल्या मोठ्या मुलाकडे निदान शिकवायचं काम होतं. आपण त्याचा मॉनिटर केला, आणि मिस बाहेर गेल्या की फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायचं काम त्याला दिलं. आठ वर्षांच्या मुलाला आपल्याच मित्रांवर पाळत ठेवायला शिकवणं, याला चांगली वागणूक कसं म्हणायचं?

आता माझ्या विरुद्धचा सगळ्यांत भक्कम पुरावा, आणि तो गटांचाच आहे. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गाचे दोन गट पाडून एक खेळ सुरू केला गेला. गटातल्या कुणीही नियम मोडला की गटाच्या नावाने फळ्यावर खूण. ज्या गटाच्या खुणा कमी त्याला सवलती. वर्गातली गडबड पाहता पाहता कमी झाली. पुढे १९८० च्या दशकात बाल्टिमोरच्या शाळांत पहिलीतल्या मुलांसोबत हा खेळ खेळला गेला आणि त्या मुलांचा विशी गाठेपर्यंत माग ठेवला. लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढची व्यसनं आणि गुन्हेगारी यांचं प्रमाण त्यामुळे घटलेलं दिसलं. बक्षीसवाले म्हणतील, हे बघा, बक्षीस चालतं. हा पुरावा मी मानते, आणि तो छडीवाल्यांनीही वाचावा. पण त्या खेळात काय काय होतं ते नीट पाहा. नियम मुलांना आधी समजावून सांगितलेले, मर्यादेत राहिले तर दोन्ही गट जिंकू शकत, बक्षीस म्हणजे थोडी जास्त सुटी किंवा रांगेत पुढे उभं राहण्यासारख्या छोट्या गोष्टी. आणि तरीही मूळ प्रयोगात दोन मुलं मुद्दाम नियम मोडून आपल्याच गटाच्या खुणा वाढवू लागली, शेवटी त्यांना गटातून वेगळं काढावं लागलं. ज्या मुलासाठी हा सगळा खटाटोप, तेच मूल बाहेर! आपल्याकडे हा खेळ येतो तेव्हा तर दोघांनी जिंकायची सोय गळून पडते आणि उरते ती लाल घर, निळं घर, पिवळं घर यांची चढाओढ. 'तुझ्यामुळे आपण हरलो' हे वाक्य मधल्या सुटीत नळाशी ऐकू येतं, आणि ते ज्याला म्हटलं जातं त्या मुलाच्या वाट्याला घरच्या छडीहून जास्त लागतं.

चढाओढीने गट पक्का होतो हे खरंच आहे. १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या एका शिबिरात साधारण अकरा वर्षांची बावीस मुलं दोन गटांत ठेवली आणि त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत एका गटाने दुसऱ्याचा झेंडा जाळला, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली, मोठ्यांनीच भांडणाला खतपाणी घातलं अशी. पण मला त्याचा दुसरा भाग जास्त शिकवून जातो. दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं तर जेवणाची फेकाफेक झाली. पाणी बंद पडलं आणि टाकीची पाहणी सगळ्यांनी मिळून करावी लागली, जेवण आणणारा ट्रक अडकला आणि सगळ्यांनी मिळून ओढावा लागला, तेव्हा कुठे ती मुलं एकमेकांशी धड बोलू लागली. शेजारी बसवणं, उपदेश करणं, एकत्र डबा खायला लावणं पुरत नाही. सगळ्यांना हवं असलेलं, एकट्याने न होणारं काम लागतं.

हे काम कसलं असतं ते सांगते. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवलं आहे आणि निवृत्तीनंतरही शाळांत जात असते. एका हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत तिसरीच्या वर्गात पानांचं वर्गीकरण चाललं होतं. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला एक जुनं वर्तमानपत्र, एक कात्री, एक गोंदाची बाटली आणि आवारातून गोळा केलेली पानं: कडुनिंब, पिंपळ, जास्वंद, कण्हेर. एका गटातल्या मुलाने पहिल्या मिनिटालाच कात्री बळकावली. हा मुलगा वर्गात मारामारीसाठी प्रसिद्ध होता. बाकीचे तिघं ओरडू लागले. मिस लगेच धावल्या नाहीत. आवाज वाढला तेव्हा त्या येऊन गटाशेजारी उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "अभी कैंची का काम किसका है? और तब तक बाकी लोग क्या करेंगे?" बस, एवढंच. कुणी सुरू केलं, कोण चुकलं, काहीही नाही. चौघं क्षणभर गप्प झाले. मग एक मुलगी म्हणाली, पानं आधी लावून तरी घेऊ, कापायचं नंतर. त्या मुलाने कात्री खाली ठेवली नाही, पण पिंपळाची पानं मात्र तो लावू लागला. थोड्या वेळाने कात्री त्याच्याच बाजूला जमिनीवर पडलेली होती आणि कुणीही ती उचलत होतं. त्याला ना ओरडा बसला, ना स्टार मिळाला. त्या अर्ध्या तासात थांबायचं, मागायचं आणि दुसऱ्याच्या युक्तीला मान द्यायचा सराव त्याचा झाला. पोहायला शिकणाऱ्या मुलाला जसं पाण्यात उतरवावंच लागतं, तसं हे आहे.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. कायदा तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, प्रत्यक्षात कुठे पन्नास मुलं, कुठे एकाच खोलीत दोन इयत्ता. वर जनगणना, निवडणूक, पोर्टलवर माहिती भरणं. त्यात दहा-बारा गट कोण सांभाळणार? पण थोडा विचार करा. एकट्या शिक्षकाने पन्नास मुलांना एकाच वेळी एकाच फळ्याकडे पाहायला लावणं हे जास्त सोपं काम आहे का? त्याच कामात तर त्याचा सगळा आवाज खर्ची पडतो. आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शाळेने भोवतालच्या एकशिक्षकी शाळांसाठी जी पद्धत बसवली ती गटांचीच होती: एक गट शिक्षकासोबत, एक गट एकमेकांच्या मदतीने, काही मुलं स्वतःची स्वतः. त्यातूनच १९९५ मध्ये कर्नाटकात एच. डी. कोटे तालुक्यात नली-कली हा सरकारी शाळांतला गटांनी शिकायचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांनी तीच वाट धरली. शिक्षक कमी म्हणून गट शक्य नाहीत असं आपण म्हणतो; तिकडे शिक्षक कमी म्हणूनच गट करावे लागले. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत १९७२ मध्ये विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला त्यात सहावी ते आठवीची मुलं चार-चारच्या टोळीने प्रयोग करत. साध्या सरकारी शाळा, साधे शिक्षक. फरक हा, की त्या शिक्षकांना प्रशिक्षण होतं, साहित्याची पेटी होती, महिन्याच्या बैठकीत अडचण बोलून दाखवायला जागा होती. तीस वर्षं चाललेला तो कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला होता. आधार दिला तर आपला शिक्षक गट चालवतो, याचा आणखी कुठला पुरावा हवा? खरी अडचण बरेचदा व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांची असते, ज्यांना वर्गातून आवाज आला की वर्ग हाताबाहेर गेलाय असं वाटतं. कामाचा आवाज आणि गोंगाट यांतला फरक त्यांनी दारात दोन मिनिटं थांबून ऐकावा.

दुसरा आक्षेप पालकांचा: गटात हुशार मूल सगळं करतं, बाकीचे बघत बसतात. हे होतंच, जिथे नुसतं 'मिळून करा' सांगून सोडून दिलेलं असतं तिथे. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्याने एका वर्गात आली होती आणि रोज भांडणं होत होती. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी तिथे धड्याचेच तुकडे केले. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा. तो नीट समजून घेऊन इतरांना सांगितल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होणार नाही. आता आपल्या चौथीच्या वर्गात अहिल्याबाई शिकवायच्या आहेत असं समजा. एकीकडे चौंडीचा जन्म आणि होळकरांच्या घरात येणं, दुसऱ्याकडे महेश्वरची राजधानी, तिसरीकडे काशीपासूनचे घाट आणि मंदिरं, चौथ्याकडे १७६७ ते १७९५ चा कारभार. महेश्वर ज्याच्याकडे आहे तो मुलगा अडखळत बोलणारा असेल, तरी त्याचं ऐकावंच लागेल, कारण महेश्वर दुसऱ्या कुणाकडे नाही. त्याला हसणारी मुलं आधी चिडतात, मग त्याला प्रश्न विचारायला शिकतात. हुशार मुलीलाही एक गोष्ट कळते, की आपल्याला येतं म्हणून दुसऱ्याचा घास तोंडातून काढून घ्यायचा नसतो.

तिसरा आक्षेप कुणी सभेत मांडत नाही, सभेनंतर फाटकाशी हळू आवाजात मांडतात. "आमच्या मुलाला कुणाच्या गटात बसवलंय बघा ना." शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांवर आलेली मुलं आता आपल्या मुलांच्या वर्गात आहेत, आणि हे वाक्य त्यांच्याविषयी असतं. सुशिक्षित, देवभक्त, एरवी अतिशय सज्जन अशा मराठी पालकांच्या तोंडून मी ते ऐकलं आहे आणि मला त्याचा मनापासून संताप येतो. पण संताप बाजूला ठेवून त्यातला खरा धोका मानला पाहिजे. मुलं घरची उतरंड वर्गात घेऊन येतात. गट मुलांच्या मर्जीवर सोडले तर एका कॉलनीची मुलं एका बाजूला आणि वस्तीतली दुसऱ्या बाजूला होतात. गटात झाडू कायम एकाच्याच हातात जातो आणि वही कायम एकाच्याच. मुलींच्या वाट्याला सजावट, मुलग्यांच्या वाट्याला बोलणं. म्हणजे गट वाईट चालवला तर तो वाईट वागणूकच पक्की करतो. म्हणून गट शिक्षकानेच पाडायचे, गुणांवरून नाही आणि मैत्रीवरून नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी मोडायचे. लिहिणं, आणणं, बोलणं, आवरणं ही कामं फिरती ठेवायची, आणि आवरण्याची पाळी कुणाचीही चुकू द्यायची नाही. आता पर्याय पाहा. मुलं रांगेत, एकेकटी, पाठमोरी बसली तर ही उतरंड नाहीशी होते का? ती फक्त शिक्षकाच्या नजरेआड जाते, मधल्या सुटीत, बसमध्ये.

इंदूरच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. २०१७ मध्ये आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढे सलग येत राहिलं. कुणी त्याचं श्रेय दंडाला देतं, कुणी पहिल्या नंबरच्या अभिमानाला. दंड तर कितीतरी शहरांत आहे, आणि पहिला नंबर कुणाला नको असतो? इथे वेगळं काय झालं, तर कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या कचरापेट्या गेल्या, कचऱ्याची गाडी रोज ठरल्या वेळी दारात येऊ लागली, ओला-सुका वेगळा टाकायला त्या गाडीत वेगळे कप्पे आले आणि शेजारीण डबा घेऊन उभी दिसू लागली. नीट वागायची सोय झाली, रोज झाली, आणि सगळ्यांच्या देखत झाली. मोठ्या माणसांच्या सवयी अशा बदलल्या, मग मुलांसाठी आपण अजून दंड आणि नंबर यांतच का अडकलोय?

सरकारी आदेशाची वाट न पाहता आपण मराठी मंडळी एक गोष्ट या मे महिन्यातच करू शकतो. आपल्या मंडळांची आणि वाचनालयांची उन्हाळी शिबिरं, संस्कार वर्ग असतात. तिथे श्लोक पाठांतर, वेशभूषा, चित्रकला. आणि शेवटच्या दिवशी पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ. पंधरा दिवसांत मूल इतर मुलांसोबत कोणतंही काम करत नाही, फक्त त्यांच्याविरुद्ध उभं राहतं. यंदा नंबर काढू नका. पहिली ते चौथीच्या मुलांचे चार-चारचे गट करा आणि प्रत्येक गटाला शेवटच्या दिवसाचं एकेक खरं काम द्या: एका गटाने आलेल्या आजी-आजोबांना पन्हं द्यायचं, म्हणजे कैऱ्या किती, गूळ किती, पेले कोण धुणार हेही त्यांनीच ठरवायचं, एका गटाने दहा मिनिटांचं नाटुकलं बसवायचं, एकाने सतरंज्या आणि चपला सांभाळायच्या. पन्हं आंबट झालं तर झालं. मोठ्यांनी मध्ये पडून साखर घालायची नाही.